मुद्दे माझे, भाषा त्याची

मराठीत आज सर्वांत अधिक लिहिला जाणारा वाङ्मयप्रकार कोणता, असे एखाद्या परिसंवादात विचारले तर कोणी कवितेचे नाव घेईल, कोणी कादंबरीचे. एखादा विनोदी गृहस्थ लग्नपत्रिकेचेही घेईल. माझे उत्तर निराळे आहे. तो प्रकार म्हणजे असाइनमेंट. महाविद्यालयांतून दर सत्राला, दर विषयाला एक किंवा दोन अशा हिशेबाने या वाङ्मयाची निर्मिती अखंड चालू असते. त्याला पृष्ठसंख्येची अट असते, मुखपृष्ठ असते, प्रस्तावना असते, उपसंहार असतो. शेवटी संदर्भग्रंथांची यादीही असते. एवढ्या विपुल वाङ्मयाची आमच्या समीक्षकांनी आजवर दखल घेऊ नये, याचे एकच कारण संभवते. ते कोणी वाचत नाही.

मी मात्र वाचले आहे, आणि त्याचे कारण सांगितले पाहिजे. कारण मी स्वतः विद्यार्थी म्हणून कधी महाविद्यालयाची पायरी चढलेलो नाही. दहावी झालो (आमच्या घरातली वडीलमाणसे तिला अखेरपर्यंत मॅट्रिकच म्हणत), चित्रकलेच्या शिक्षकाची पदविका घेतली आणि मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी शाळेत लागलो. पुढे दोन-तीन कादंबऱ्या लिहिल्या. शाळेतून गेलेली मुले आता कॉलेजात जातात, सुट्टीत घरी येतात, आणि 'सर लिहितात' एवढ्या भांडवलावर आपल्या असाइनमेंटा शुद्धलेखन पाहण्यासाठी माझ्याकडे आणतात. गेल्या दोन-तीन वर्षांत अशा पन्नासएक तरी माझ्या नजरेखालून गेल्या असतील.

पहिल्या चार-पाच वाचून होताच ध्यानात आले की, ज्या कामासाठी ही पाने माझ्याकडे आली, ते काम त्यांत शिल्लकच नाही. ज्या मुलाने दहावीपर्यंत 'पाणी'ची वेलांटी मनास येईल तशी, कधी पहिली तर कधी दुसरी दिली, त्याच्या दहा पानांत ऱ्हस्वदीर्घाची एक चूक सापडेना. वाक्ये एका उंचीची, परिच्छेद एका मापाचे. कवायतीला मुले उभी करावीत तसे सगळे रांगेत. मी मुलाकडे पाहिले. तो निर्मळ हसला आणि म्हणाला, "चॅटजीपीटीचं आहे, सर. पण मुद्दे माझेत."

त्या हसण्यात अपराध्याचा भाव नव्हता, उद्धटपणाही नव्हता. दुकानातून पिशवी आणली तर ती कोणी शिवली हे कोण सांगत बसतो, इतक्या सहजपणे तो बोलला होता. या सहजपणाचा अर्थ लावावा, एवढ्यासाठीच हा लेख आहे.

प्रथम प्रसंगाची व्याप्ती सांगतो. चॅटजीपीटी लोकांपुढे आले ३० नोव्हेंबर २०२२ रोजी. त्यानंतर जेमतेम सव्वादोन वर्षांनी, २०२५ च्या आरंभी, ब्रिटनमधील हायर एज्युकेशन पॉलिसी इन्स्टिट्यूट या संस्थेने तेथील १,०४१ पदवी-विद्यार्थ्यांची पाहणी प्रसिद्ध केली. कृत्रिम बुद्धिमत्तेचा कोणत्या ना कोणत्या स्वरूपात उपयोग करणारे ९२ टक्के निघाले. आदल्या वर्षी ते ६६ टक्के होते. गुण मिळवून देणाऱ्या कामासाठी तिचा उपयोग करणारे एका वर्षात ५३ टक्क्यांवरून ८८ टक्क्यांवर गेले. का वापरता, याची मुलांनी दिलेली प्रमुख कारणे दोन: वेळ वाचतो आणि कामाचा दर्जा सुधारतो. भीती कशाची वाटते, याचीही दोनच: लबाडीचा आळ येईल, आणि यंत्र खोटे सांगेल. तिकडचे आकडे आपल्या मुलांना जसेच्या तसे लावू नयेत, हे खरे. परंतु आपल्याकडेही वाट अडलेली नाही. जुलै २०२५ मध्ये गूगलने भारतातील महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना आपले सशुल्क यंत्र वर्षभर फुकट देऊ केले. आमच्या वेळी गाईडाला निदान पैसे पडत.

वडीलधाऱ्या मंडळींचे या बाबतीतले निदान ठरलेले असते: मुले आळशी झाली. मला ते पटत नाही. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत फराळाला म्हणून पाच-सहा जणांना घरी बोलावले आणि हाच विषय काढला. ही मुले आळशी नव्हेत. त्यांतला एक पहाटे चारला उठून दुधाच्या गाडीवर जातो; एकीच्या डोक्यावर घरचे सारे रांधणे आहे. त्यांचे म्हणणे मी लक्षपूर्वक ऐकले, आणि ऐकता ऐकता असे वाटू लागले की, आमच्या शिक्षणपद्धतीवरची एक नेमकी टीका या मुलांनी केलेली आहे. ती लिहून काढण्याचे कष्ट तेवढे घेतलेले नाहीत.

दुधाच्या गाडीवरचा म्हणाला, "ते सबमिट करायचं असतं सर, लिहायचं नसतं."

लिहिणे आणि सबमिट करणे! दोन क्रियापदांतला हा भेद मला चांगल्या चांगल्या भाषाशास्त्रज्ञांकडून ऐकावयास मिळाला नव्हता. जे वाचले जाणार ते लिहावयाचे, जे मोजले जाणार ते सबमिट करावयाचे. त्याने पुराव्यादाखल आपल्या थोरल्या भावाची गोष्ट सांगितली. ही यंत्र येण्यापूर्वीची, हे ध्यानात ठेवावे. भावाने एका असाइनमेंटच्या सातव्या पानावर मधेच कांदेपोह्यांची साग्रसंगीत कृती घातली होती. मोहरी, हिंग, वरून कोथिंबीर, सगळे. वही परत आली तेव्हा त्या पानावरही लाल शाईची 'बरोबर'ची खूण होती. घरातल्या कोणी ही गोष्ट खोटी मानली नाही. सगळे पोटभर हसले. मी हसलो, पण मला एक विद्यार्थी शिक्षकाचा शोध घेताना दिसला. सातव्या पानावर कोणी आहे का, असे त्याने हाक मारून पाहिले होते.

दुसरी एक चुणचुणीत मुलगी माझ्या हातातल्या चकलीकडे बोट करून म्हणाली, "ही बचत गटाची आहे ना, सर? मग काकूंना कोण विचारतं, तुम्ही केली का म्हणून?" आतून सौभाग्यवतींचे हसणे ऐकू आले. मुद्दा बिनतोड होता. पण विकतची झाली तरी चकली कोणीतरी खातो. तिच्या असाइनमेंटला तेवढेही भाग्य नाही, असे मी म्हटले तेव्हा ती गप्प झाली नाही. ती म्हणाली, "तेच तर म्हणतेय मी."

काही ठिकाणी प्राध्यापकांनी यावर उपाय काढला आहे, तो म्हणजे असाइनमेंट हस्ताक्षरातच पाहिजे. परिणाम असा झाला की, मुले डावीकडे मोबाईल टेकवून उजवीकडे फुलस्केप कागदावर पानेच्या पाने उतरवून काढतात. यंत्र सांगते आणि माणूस लिहितो. आपल्याकडे महाभारताच्या लेखनाची कथा लहान मुलालाही ठाऊक असते. लेखणी थांबणार नाही, अशी अट गणपतीने घातली, तेव्हा व्यासांनी उलट अट घातली की, अर्थ समजल्याखेरीज लिहावयाचे नाही. आमच्या या उपायाने गणपतीची अट तेवढी पुरी होते.

पकडण्याची यंत्रेही निघाली आहेत. हे लिखाण माणसाचे की यंत्राचे, हे ओळखण्याचे साधन चॅटजीपीटीच्या कंपनीनेच काढले होते. अचूकता कमी पडते म्हणून जुलै २०२३ मध्ये तिनेच ते मागे घेतले. त्याच वर्षी अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी अशा सात साधनांची परीक्षा घेतली. ज्यांची मातृभाषा इंग्रजी नाही अशा विद्यार्थ्यांचे स्वतः लिहिलेले ९१ इंग्रजी निबंध त्यांनी या साधनांना दिले. सरासरीने ६१ टक्के निबंध यंत्राचे ठरवले गेले. परकी भाषा जपून, साध्या आणि ठरावीक शब्दांत लिहिणाऱ्याला यंत्र समजण्यात आले. आमच्या गावचा मुलगा इंग्रजीत जे लिहील ते याच जातीचे असणार. तेव्हा पोलीसगिरीत मला रस नाही, आणि मुलांनाही ती फारशी गंभीर वाटत नाही. "दोन-चार चुका मुद्दाम घालायच्या," एकाने युक्ती सांगितली. आयुष्यभर मी ज्या चुकांवर तांबडी शाई ओतली, त्या आता माणूसपणाचा दाखला म्हणून वापरात आल्या आहेत.

आता त्या निर्मळ हसणाऱ्या मुलाच्या असाइनमेंटकडे वळतो. समीक्षकाने एखादे तरी पुस्तक नीट हातात घेतले पाहिजे. विषय पर्यावरणाचा, शीर्षक 'माझ्या गावातील पाण्याचा प्रश्न'. आरंभ असा की, पाणी हे जीवन आहे. त्यानंतर पाण्याचे महत्त्व, टंचाईची कारणे, टंचाईचे परिणाम, शासनाच्या उपाययोजना, आणि निष्कर्ष. प्रत्येक भागात तीन मुद्दे. चार नाहीत, दोन नाहीत. प्रत्येक गोष्ट 'महत्त्वपूर्ण भूमिका' बजावते. जी गोष्ट नुसती एक असती तर चालले असते, ती 'केवळ' ती नसते 'तर' आणखी काही असते. महिलांना 'मोठ्या प्रमाणात त्रास सहन करावा लागतो'. शेवटी लोकसहभाग, जनजागृती आणि शाश्वत विकास हे तिघे हातात हात घालून येतात आणि पडदा पडतो. व्याकरण निर्दोष, माहिती बहुधा बरोबर. त्यात एक गाव नव्हते, एवढेच. शीर्षकातले 'माझ्या' हे विशेषण काढून टाकले असते तर दहा पानांत कोठे भोकही पडले नसते.

मी त्याला विचारले, "तुमच्याकडे टँकर येतो ना? मग कसे घेता पाणी?"

तो सांगू लागला. "टँकर आला की आधी विहिरीत ओततेत, सर. मग आपण विहिरीतून शेंदायचं. पाणी येतं चांगलं, पण विहिरीत पडलं की गाळ ढवळतो, मग गढूळ. तेच गढूळ पाणी शेंदून आणायचं, घरी आणून तुरटी फिरवायची." थेट हंड्यात का देत नाहीत, असे विचारल्यावर म्हणाला, "भांडणं होतेत म्हणून. नंबरावरून बायकांची लई भांडणं व्हायची. मग ठरलं, विहिरीतच ओतायचं. माझी आई म्हणते, भांडण परवडलं."

बोलता बोलता तो थांबला. आपण काहीतरी बोललो असे त्याचे त्यालाच वाटले असावे. मी म्हटले, हे यात कोठे आहे? त्याने पाने चाळली. "हे मुद्द्यात बसत नव्हतं," तो म्हणाला.

माझे त्या मुलांशी भांडण आहे ते येथे. 'वाचतं कोण' हा त्यांचा सवाल मला मान्य आहे. 'मुद्दे माझे, भाषा त्याची' ही वाटणी मान्य नाही. मुद्दा आधी तयार असतो आणि भाषा नंतर त्याच्यावर अंगरख्यासारखी चढवावयाची असते, असे ते धरून चालतात. या मुलाजवळ असाइनमेंटपूर्वी जो मुद्दा होता तो 'पाणीटंचाई'. तो कोणाचाही असू शकतो, वर्तमानपत्राचाही असतो. त्याच्या आईचा मुद्दा टंचाईचा नाहीच. चांगले आलेले पाणी गावाने शांततेसाठी गढूळ करून घेतले, आणि त्या शांततेची किंमत तिच्या तुरटीत आणि तिच्या हातांत वसूल होते, असे ती म्हणते आहे. हा विषय पर्यावरणाचा की समाजशास्त्राचा की कादंबरीचा, हे मला सांगता येणार नाही. पण तो 'शेंदणे' आणि 'परवडलं' या दोन शब्दांवाचून हाती लागत नाही. असाइनमेंटमध्ये 'पाणी आणणे' होते. पाणी आणण्यात दोर नाही, हात नाही, खोली नाही.

यावर कोणी म्हणेल, ही माहितीही यंत्राला दिली तर तेही लिहील. आम्ही देऊन पाहिली. मुलाने तेथेच मोबाईल काढून सगळी हकीगत बोलीभाषेत घातली. आई म्हणते ते वाक्यसुद्धा. क्षणात उत्तर आले. पाणी 'वितरण व्यवस्थेतील सामाजिक गुंतागुंत' असा एक परिच्छेद तयार झाला होता, आणि त्याच्या शेवटी 'स्थानिक महिलांनी या पद्धतीबाबत असमाधान व्यक्त केले आहे' असे वाक्य होते. असमाधान! मुलगा स्वतःच हसू लागला. आईचे वाक्य तसेच ठेव, असे पुन्हा सांगितले असते तर यंत्राने ठेवलेही असते. ते आज्ञाधारक आहे. पण कोणते वाक्य ठेवावयाचे हे सांगणाऱ्याला कळावे लागते, आणि ते ज्याला कळले त्याचे निम्मे लिहून झालेलेच असते.

ही वाटणी मुलांच्या डोक्यात घातली कोणी? यंत्राने नव्हे. ती आम्ही शाळेत घातली. 'पुढील मुद्द्यांच्या आधारे निबंध लिहा' हा प्रश्न कितीतरी वर्षे आपल्या परीक्षांतून चालत आला आहे. 'मुद्द्यांवरून गोष्ट तयार करा' हा त्याचा धाकटा भाऊ. म्हातारा शेतकरी — चार मुलगे — नेहमी भांडणे — काठ्यांची मोळी — तात्पर्य. मधल्या रेघांच्या जागी क्रियापदे भरली की गोष्ट झाली. जे मूल त्या मुद्द्यांबाहेर पडून पाचवा मुलगा किंवा एक मुलगी आणील त्याचे गुण जात. मग आदर्श निबंधांची पुस्तके आली. त्यांत 'आजचे युग हे विज्ञानाचे युग आहे' या वाक्यापासून सर्व निबंध सुरू होत. फाटक्या पुस्तकाचे, वठलेल्या झाडाचे आणि पडक्या किल्ल्याचे आत्मवृत्त एकाच आवाजात बोले. मुलांनी ते पाठ केले. आम्ही त्याला 'भाषा चांगली आहे' असा शेरा दिला. आज यंत्र जे मराठी लिहिते ते मला परके वाटतच नाही. ती आमच्या आदर्श निबंधाची, परीक्षेला बसलेल्या हुशार मुलाची भाषा आहे. फक्त हा मुलगा थकत नाही.

कादंबरीचे मुद्दे मीही काढतो. पण ते तिसऱ्या प्रकरणापर्यंत टिकत नाहीत. टिकले तर ती कादंबरी वाईट निपजते, एवढे मला अनुभवाने कळले आहे. याहून चांगला दाखला माझ्या तासातला आहे. शासनाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षांना स्मरणचित्राचा विषय असतो. समोर काही ठेवलेले नसते. बाजार, बसस्थानक, विहिरीवरच्या बायका असे काहीतरी आठवून काढावयाचे. खेड्यात वाढलेले, रोज बैलगाडी पाहणारे मूल बैलगाडी काढू लागते आणि जूजवळ आल्यावर अडते. जू बैलाच्या मानेवर नेमके कोठे बसते? शिवळा कोठे? त्याने हजारदा पाहिले आहे, आणि पाहिलेले नाही. हे त्याला पेन्सिल अडेपर्यंत कळलेले नसते. दुसऱ्या दिवशी तेच मूल रस्त्यात थांबून बैलाची मान न्याहाळताना दिसते. मी शिकवले असेल नसेल, अडलेल्या पेन्सिलीने त्याला शिकवलेले असते. लिहिताना अडणे ही तीच गोष्ट आहे. यंत्र अडत नाही, हा त्याचा गुण म्हणून सांगितला जातो. आणि मुलांना तोच हवाहवासा वाटतो, कारण अडण्याला आमच्या गुणपत्रिकेत रकाना नाही.

अमेरिकेतील एमआयटीच्या मीडिया लॅबने जून २०२५ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. ५४ माणसांचे तीन गट केले. एकाने चॅटजीपीटी घेऊन निबंध लिहावयाचा, दुसऱ्याने नुसते इंटरनेटवर शोधून, तिसऱ्याने काहीही न घेता. निबंध संपताच प्रत्येकाला विचारले, आत्ता लिहिलेल्या निबंधातले एक वाक्य सांगा. यंत्र घेतलेल्या १८ पैकी १५ जणांना आपल्याच निबंधातले वाक्य नीट सांगता आले नाही. इतर दोन गटांत असे थोडेच निघाले. प्रयोग लहान आहे, आणि तो प्रसिद्ध झाला तेव्हा इतर तज्ज्ञांकडून तपासला गेलेला नव्हता. त्यावर कोणी मोठे इमले बांधू नयेत. यंत्राने मेंदू सडतो वगैरे मथळे तेव्हा छापून आले, ते त्या प्रयोगात नव्हतेच. पण ते पंधराजण मला फार दिवस आठवत राहिले. आमचा मुलगा त्यांच्यातलाच. त्याला आपल्या दहा पानांतले एक वाक्य आठवत नव्हते; आईचे, कागदावर कोठेच नसलेले, आठवत होते.

विद्यार्थ्याने लिहिलेला निबंध म्हणजे काहीतरी किरकोळ वस्तू, अशी आपली समजूत असते. मराठीपुरती तरी ती इतिहासाला धरून नाही. १८५५ साली 'ज्ञानोदय'ने आपल्या दोन अंकांतून एका शाळकरी मुलीचा निबंध छापला. मुक्ता साळवे तिचे नाव. मातंग समाजातली, वय चौदा, जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या पुण्यातल्या शाळेतली विद्यार्थिनी. विषय मांग-महारांच्या दुःखाचा. विष्णुशास्त्री चिपळूणकरांची 'निबंधमाला' निघाली १८७४ मध्ये, म्हणजे त्यानंतर एकोणीस वर्षांनी. त्या निबंधात वेदांवर हक्क कोणाचा आणि मग आमचा धर्म कोणता, हा रोकडा सवाल आहे; पेशवाईतल्या अत्याचारांची हकीगत आहे. आणि मधेच ही मुलगी सांगते की, आमच्या बायका बाळंत होतात तेव्हा घरावर छप्परही नसते, आणि थंडीवाऱ्यात त्यांचे काय हाल होतात. 'समाजातील विषमता: कारणे, परिणाम, उपाय' अशा यादीत ते छप्पर नसलेले घर कोठे बसले असते? ते कोणी मुद्दा म्हणून तिला दिले नव्हते. चौदा वर्षांच्या मुलीने ते पाहिले होते, आणि लिहिताना ते तिच्या हाताशी आले.

परंतु येथे आणखी एक गोष्ट विसरू नये. तिच्या निबंधाला वाचक होता. शाळेत तो ऐकणारे शिक्षक होते, बाहेर तो छापणारे नियतकालिक होते. मुक्ता साळवेने निबंध सबमिट केला नव्हता. म्हणून त्या दुधाच्या गाडीवरच्या मुलाला मी दोष देताना जपून देतो. वाचकाशिवाय लिही, अडत अडत लिही, चुका करीत लिही, असे एखाद्या साधूला सांगावे. एकोणीस वर्षांच्या, पहाटे चारला उठलेल्या मुलाला सांगण्याचा अधिकार त्याच्या वहीची सातवी पाने न वाचणाऱ्यांना नाही.

एका मुलीविषयी सांगावयाचे राहिले. त्या दिवशी ती सर्वांत कमी बोलली. दहावीपर्यंत मराठी माध्यम, आता शेजारच्या शहरात बी.एस्सी.ला. तेथे सगळे इंग्रजीत. पहिले सहा महिने वर्गात तिला काय चालले आहे ते कळत नव्हते, आणि विचारले तर मागच्या बाकावरून हसू येई. आता ती रात्री पुस्तकाच्या पानाचा फोटो काढून यंत्राला देते आणि लिहिते, 'हे मला मराठीत, माझ्या गावच्या उदाहरणाने सांग.' एकदा समजले नाही तर पुन्हा विचारते. सातव्यांदा विचारले तरी ते रागावत नाही, हे तिने दोनदा सांगितले. ते चुकीचे सांगते तेव्हा काय करतेस, असे मी विचारले. तिने वही दाखवली. यंत्राचे म्हणणे एका बाजूला, पुस्तकातले वाक्य दुसऱ्या बाजूला, आणि जेथे दोन्ही जुळत नाहीत तेथे पेन्सिलीने प्रश्नचिन्ह. ती प्रश्नचिन्हे घेऊन ती आठवड्यातून एकदा मॅडमकडे जाते. वही तिच्याच वेड्यावाकड्या मराठी-इंग्रजीत होती.

तिच्याजवळ आणि हसऱ्या मुलाजवळ यंत्र एकच आहे, फुकटचेच आहे. फरक इतकाच की, तिच्या बाबतीत यंत्र लिहिते आणि ती वाचते. यंत्राचे सर्व लिखाण एका खऱ्या वाचकाच्या हाती पडते आणि तो वाचक ते तपासून घेतो. माझ्या मॅट्रिकनंतर असे काही मिळाले असते तर मी काय झालो असतो, असा विचार त्या वहीकडे पाहताना मनात आला, हे लपवीत नाही. कृत्रिम बुद्धिमत्तेवर सरसकट बंदी घाला म्हणणाऱ्या माझ्या सहव्यवसायी मित्रांनी ती वही पाहावी. आणि सरसकट सूट द्या म्हणणाऱ्यांनी पाण्याच्या प्रश्नाची ती दहा पाने.

असाइनमेंटला त्या मुलाला वीसपैकी अठरा गुण मिळाले. टँकरची हकीगत त्याने नंतर, कोणी मागितली नसताना, वहीच्या दीड पानावर लिहून मला आणून दाखवली. वेलांट्या पूर्वीसारख्याच मनाला येतील तशा होत्या. आईचे वाक्य पहिल्याच ओळीत घातले होते. तेथे ते लवकर येते असे मला वाटले, आणि मी तसे त्याला सांगितले. त्यावर आम्ही अर्धा तास वाद घातला.

या सर्व प्रकरणात एका प्राध्यापकांनी काढलेला मार्ग मुले आवर्जून सांगतात. ते असाइनमेंट घेतात, कशीही केलेली चालते. पण नंतर प्रत्येकाला समोर बसवून पाच मिनिटे तिच्यावर बोलावयास लावतात. कागद बंद, मोबाईल बंद. मुलांना हे अवघड जाते, ती कुरकुरतात. पण "सर ऐकतेत पण" असेही म्हणतात. वर्गात १२० मुले आहेत. पाच मिनिटांप्रमाणे त्याचे दहा तास होतात, आणि त्यांना असे चार वर्ग आहेत. हे चाळीस तास वेळापत्रकात कोठे धरावयाचे, हे त्यांनी वरिष्ठांना विचारले आहे. उत्तर अजून आलेले नाही.